शोभेचं अळू

—अरे अरे, तिथे नको पाय ठेवू, शेवाळ आहे! परवाच गॅसवाला तिथे असा धपकन बसला, सिलिंडर राहिला उभा नि हा आडवा. ह्या बाजूने ये, चिऱ्यांवरून. हां, अस्सा. आता मला काही सांगू नकोस, मला कळलं. हातात मोबाइल, डोळे कुंड्यांकडे — जाहिरात बघून आलास ना? झालं तर. अजिंक्य म्हणालाच होता, आई, मी बोटीवरून कायतरी व्यवस्था करतो त्या जंगलाची. अजिंक्य म्हणजे माझा मुलगा, बोटीवर इंजिनियर आहे. मागीलदारी त्याला पेव्हर ब्लॉक घालायचे आहेत, गाडी ठेवायला. वर्षातले सहा-सात महिने हा समुद्रात, आणि गाडीला मात्र मागीलदारी जागा हवी. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात ना, हा बोटीवरून हाकतो. तर टाकलीन् वाटतं जाहिरात अखेर. नाव काय तुझं? तन्वीर. कुठला? अंजनवेल! अरे मग आधी नाही का सांगायचं, माझं माहेर हेदवीचं. म्हणजे शेजारचाच की तू, आता तुला अहो-जाहो करायची नाही हो मी. बस त्या पायरीवर. रुमाल घाल खाली, ओलं आहे — इथे श्रावणात काही कोरडं मिळायचं नाही, माझी जीभ सोडून.

काय म्हणालास, मामा कुवेतहून आले? होमस्टे काढलाय? काढा, काढा, सगळेच काढतात. आणि पाहुण्यांना फोटो काढायला कोपरा हवाय? बघ, पूर्वी माणसं हेदवीला यायची ती दशभुजा गणपतीला यायची, अंजनवेलला यायची ती गोपाळगड बघायला. आता येतात नि कुंडीशेजारी उभी राहून ओठांचा चंबू करतात. बरं, कोणतं झाड हवंय तुला? ते काळं? वाटलंच. सगळ्यांचे डोळे त्यावरच जातात. बघ, बघ जवळून, हात लाव — पुसून लाव. मांजराच्या पाठीसारखं लागतं की नाही? नि त्या पांढऱ्या शिरा बघ, रांगोळीने ओढल्यासारख्या. त्याला नाव आहे मोठं, अलोकेशिया. मी आपली शोभेचं अळू म्हणत्ये. कारण आहेच ते अळू, अरे! दुसरं काय आहे? आणि आमच्या रत्नागिरीत अळू कोणी लावतं का? न्हाणीचं पाणी जिकडे जाईल तिकडे ते आपसूक येतं, उपटून टाकलं तर दुप्पट येतं. त्या अळवाच्या गावात माझ्या सुनेने अळू मागवलंन् — कुरिअरने! खोक्यातून! खोक्याला भोकं, आत कापूस, कापसात ओलं फडकं, आणि त्या फडक्यात हे महाराज, दोन पानं, तीसुद्धा सासरी निघाल्यासारखी मान टाकून. मी म्हटलं, अगो ईशा, मागीलदारी चल, तुला टोपलीभर देत्ये, वड्या कर. तर म्हणाली, आई, हे खायचं नाही, हे शोभेचं. म्हटलं, शोभेचं अळू! म्हणजे खायला काळ नि भुईला भार. शेजारी-पाजारी मी हीच गोष्ट सांगत होत्ये महिनाभर, लोकांची हसून मुरकुंडी वळायची.

पण तिचा तरी काय दोष म्हणा. नगरकडची पोर. तिकडे कुसळसुद्धा पाण्याला विचारून उगवतं. लग्न होऊन आली ती जुलैत, न्हाणीच्या भिंतीवर नेचे उगवलेले बघून तिथेच उभी राहिली, आंघोळीचं पाणी गार होईपर्यंत. मी दारावर थापा मारत्ये — अगो बरी आहेस ना? तर आतून म्हणते, आई, तुमच्या भिंतीला झाडं येतात! आता ह्यावर काय बोलायचं? आमच्या भिंतीला बुरशी येते, वाळवी येते, झाडं येतात, भाडेकरू तेवढा येत नाही. मग सुरू झालं तिचं. हे कॅलेडियम, ते कॅलाथिया, तिसरं आणखी काय. सगळ्यांची नावं क-कारी, नि सगळ्यांची नाटकं निराळी. ह्याला ऊन नको, त्याला वारा नको, ह्याच्या पायाशी ओल हवी पण पाय बुडता कामा नयेत — म्हटलं, जावयाचे इतके लाड नाही करत कोणी. आणि माती? आमची माती चालेना त्यांना! जांभ्याची तांबडी माती जड पडते म्हणे. मग पुण्याहून वीट मागवलीन्, कोकोपीटची. मी उघडून बघितली, वास घेतला — अरे, नारळाचं सोडण! नारळाच्या सोडणांचा भुसा, दाबून, कागदात घालून, वर ताडाचं चित्र. आमच्या न्हाणीत सोडणांचा ढीग पडलेला असतो, मी रोज सकाळी बंबात घालत्ये, नि ही सोडणं विकत घेत्ये पुण्याहून! पुण्याने आपल्याला काय काय विकलंय बघ. त्या दिवसापासून मात्र तिने वीट नाही मागवलीन् हो. मी कोयता घेऊन बसायची, ती सोडणं कुटायची, पडवीत दोघी. कपडेच काय, भुवयासुद्धा तांबूस व्हायच्या आमच्या. — काय? बोल की. किंमत? किमतीचं मग बघू, घाई काय आहे तुला, अंजनवेलला जायला तवसाळची फेरी बोट मिळेल की.

तर सांगत काय होत्ये — हां, ते काळं. ते नको नेऊस तू. का म्हणजे? तुमचं घर समुद्राला लागून. खारा वारा. ह्याला एक दिवस खारा वारा लागला की पानाच्या कडा पापडासारख्या होतात, मग मामा म्हणणार, म्हातारीने फसवलं. ते पलीकडचं? पांढऱ्या पानावर गुलाबी ठिपके, ते? ते कॅलेडियम. कुणीतरी हळदीकुंकवाची ताटली उडवल्यासारखं दिसतं. ते तर अजिबात नको. ते थंडीत मरतं. म्हणजे मरत नाही, मेल्याचं सोंग करतं. गेल्या थंडीत मी एकटी होत्ये, सकाळी बघत्ये तर एकेक पान पिवळं, एकेक पान आडवं, आठवडाभरात कुंडीत नुसती माती. मला रडूच— रडू कसलं, राग आला मला. म्हटलं, आता ही मला बोल लावणार. रात्री तिचा फोन आला तसा मी आधी इकडच्या-तिकडच्या चार गोष्टी सांगितल्या, तुझ्या आईची गुडघेदुखी कशी आहे, तिकडे ज्वारी कशी आहे, आणि मग हळूच म्हटलं, ईशा, ते तुझं ठिपक्यांचं गेलं गो. तर हसली. म्हणाली, आई, गेलं नाही, झोपलंय. खाली कांदा आहे, त्याला पाणी घालू नका, कोरड्यात ठेवा, मृगाला उठेल. मी कुंडी उचलून माझ्या खाटेखाली ठेवली. खाटेखाली म्हणजे, उंदीर लागतात ना बाहेर. नि मृगाला खरंच कोंब आला हो. असा, मुलाच्या करंगळीएवढा, गुंडाळलेला. मी तिला लगेच फोन लावला, पहाटेच, ती बिचारी दचकून उठली, काय झालं आई, काय झालं? म्हटलं, उठलं गो, उठलं.

काय बघतोस असा? हो, एकटी होत्ये. ती गेली ना. नगरला, आईकडे, तिथे कुठल्याशा शाळेत नोकरी धरलीन्. मला काय, घर शांत झालं. पूर्वी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कात्रीने कापलेली रोपं पाण्याच्या बाटल्यांत ठेवलेली असायची, लोणच्याची बरणी काढायला गेलं की दोन बाटल्या लवंडायच्या. आता ओटा कसा स्वच्छ. आता मी काही करत नाही ह्या झाडांचं, नुसतं पाणी तेवढं घालत्ये. पाणी, आणि उन्हाळ्यात दोनदा फवारा, ती इस्त्रीची बाटली असते ना, तिने. आणि आषाढात कुंड्या चिऱ्यांवर चढवत्ये, नाहीतर मुळं कुजतात. आणि महिन्यातनं एकदा पानं पुसत्ये, ताकाच्या निवळीने. ताकाचं मीच शोधून काढलंय, तिच्या त्या व्हिडिओवाल्यांना ठाऊक नाही. पाणी घालायचं ते विहिरीचं हां, नळाचं नाही. नळाच्या पाण्याने पानांची टोकं करपतात. आणि शेजारचं कुत्रं येतं उकरायला, त्याला हाकलायला दुपारी इथे खुर्ची टाकून बसत्ये, एवढंच. एवढ्यासाठी कोणी माझा सत्कार करायला नको. — थांब रे, काय सारखं मध्ये तोंड घालतोस, मोठं माणूस बोलतंय! जाहिरातीत काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. 'ताबडतोब विकणे.' अजिंक्यला सगळंच ताबडतोब हवं असतं.

तुला वाटेल सून भांडून गेली. छे. भांडण करायला दोघी हव्यात, मी आणि भांडण? आमच्यात एक शब्द झाला नाही. झालं ते त्या काळ्या अळवामुळे झालं. ऐक आता गंमत, तुझ्या मामांनाही सांग, नाहीतर होमस्टेवाले पाहुण्यांना खायला घालतील. गेल्या वर्षी गणपतीला अजिंक्य घरी होता. त्याची नि गणपतीची गाठ पडली की आमच्याकडे पंगत मोठी. आता गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमची ऋषिपंचमी असते, ठाऊक आहे ना? अरे, तुमच्या शेजारी चार घरं हिंदूंची असतीलच की, ऋषीची भाजी खाल्ली असशील. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही त्या दिवशी. परसात आपसूक आलेलं, हाताने लावलेलं, तेवढंच. त्यात अळू तर हवंच, अळवाशिवाय ती भाजी कसली. तर माझी धाकटी जाऊ काशी, पलीकडच्या घरात राहते, ती आली पहाटे मदतीला. काशी म्हणजे कामाला वाघीण, पण नजर हातापेक्षा मागे. पावसाची झिमझिम, अंधारलेलं, ही कोयती घेऊन मागीलदारी गेली आणि परत आली ती पदराने तोंड पुसत — वहिनी, काय झकास काळ्या देठाचं अळू आहे हो तुमच्याकडे, नि ते कुंडीत काय म्हणून लावलंय? मी गणपतीच्या नैवेद्यात, मोदकाच्या पाऱ्या करत्ये, मी आपली म्हटलं, हो हो, चिर. मला काय ठाऊक कुठलं? चिरलंन्, शिजवलंन्, अंबाडे घातलेन्, मक्याची कणसं घातलीन्. वासही सुंदर आला.

पंगत बसली. पहिला घास अजिंक्यने घेतलान्. दुसरा काशीच्या नवऱ्याने. आणि मग अरे, काय सांगू! घशात कोणीतरी खाजकुयरी फिरवावी तसं. एकेक माणूस जीभ बाहेर काढून बसलाय, कोणी दही मागतोय, कोणी गूळ मागतोय, कोणाच्या डोळ्यांतून पाणी. मी पण खाल्लं होतं घासभर, चव बघायला म्हणून. आगळ होतं घरात, आमसुलाचं, बाटलीच काढली, पेल्या-पेल्याने वाटलं. काशी म्हणते, खाजरं निघालं हो वहिनी, चिंच घालायला हवी होती. आणि ईशा वाढत होती, ती थांबली. तिने माझ्या पानातला देठाचा तुकडा उचलून बघितलान्. काळा देठ. पातेलं खाली ठेवून मागीलदारी गेली. बराच वेळ आली नाही. मी म्हटलं, आता रडत येणार. तर आली ती — ह्या सगळ्यांच्या बाहेर काढलेल्या जिभा बघितल्यान् आणि तिला हसू फुटलं! दाराच्या चौकटीला धरून हसते आहे, हसते आहे, हातात ते कापलेले देठ, म्हणते, आई, तुम्ही माझं अळू खाल्लंत! अरे, इतकं मोकळं हसू ह्या घरात कोणी— मला पण हसू आलं, पण घसा असा धरलेला की हसताही येईना.

तेवढ्यात अजिंक्य उसळला. माणूस बोटीवर यंत्रांत राहून राहून त्याचा स्वभाव तसाच झालाय, बटण दाबायचं की आवाज. म्हणाला, हसतेस काय? असली निरुपयोगी झाडं घरात आणायचीच कशाला? आणि मग म्हणाला— म्हणाला, ह्या घरात शोभेची तू एक आहेस ती पुरे नाही का?

हे सगळ्या पंगतीत. आता तुला म्हणून सांगत्ये, लग्नाला बरीच वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता. का नव्हता ते मला ठाऊक आहे, डॉक्टरांनी कोणाला गोळ्या दिल्या होत्या तेही ठाऊक आहे, आणि त्या ईशाला नव्हत्या दिलेल्या. पण पंगतीला काय ठाऊक? सगळ्यांनी माना खाली घातल्या. काशीने तर अशी घातली, जणू भाजी तिने केलीच नव्हती. आणि ईशाने माझ्याकडे बघितलंन्. त्याच्याकडे नाही हां, माझ्याकडे. आता मी काय बोलणार? माझा घसा धरला होता! विचार काशीला, विचार कोणालाही, आगळाचा पेला तोंडाला होता माझ्या. माणसाचा घसा बसला असेल तर माणूस बोलेल कसं? दुपारी चहापर्यंत सुटला घसा, पण तोवर म्हटलं जाऊ दे, गौरी यायच्या आहेत, सणासुदीला कशाला विषय. नि गौरी गेल्यावर म्हटलं, अजिंक्य आता बोटीवर जायचा, कशाला त्याचं डोकं. असं असतं रे घरात. वेळ बघून बोलावं लागतं.

तिने सगळं केलंन् हो. गौरी आणल्यान्, जेवू घातल्यान्, पोचवल्यान्. घावन-घाटल्यात मीठसुद्धा कमी-जास्त नाही. आणि मग बॅग भरलीन्. मला इथे घेऊन आली, ह्याच पायरीशी, नि एकेका कुंडीचं सांगितलंन्, ह्याला एवढं, त्याला तेवढं. ह्या काळ्याचे नुसते खुंट उरले होते. म्हणाली, आई, ह्याचा कांदा आत जिवंत आहे, थोडी थोडी ओल ठेवा, येईल. मी म्हटलं, येईल ना गो? म्हणाली, येईल. आता मी कोणाचं विचारलं नि तिने कोणाचं सांगितलंन्, ते तिचं तिला ठाऊक. पण आलं की नाही बघ! मोजून बघ पानं, आधी कधी एवढी नव्हती.

मग फोन. आधी रोज. रोज रात्री जेवण झालं की व्हिडिओ लावायची, मी बॅटरी घेऊन इथे कुंड्यांतून फिरायची, साप-विंचवांतून, आई ते पान वळवा, आई मातीत बोट घालून बघा. मग दिवसाआड. मग म्हणाली, आई, शाळेचं काम असतं, तुम्ही फोटो पाठवत जा. पाठवत्ये की. मला मोबाइलमधलं काही येत नव्हतं, फोटो पाठवायला मी शिकले ते काशीकडून. म्हणजे बघ, काशीकडून शिकायची वेळ आली माझ्यावर! दोन निळ्या रेघा येतात, बघितल्याच्या. उत्तर येतंच असं नाही. कामात असते. पण परवा मात्र बरं का, स्वतःहून निरोप आला तिचा — आई, सगळ्या झाडांचे एकेक फोटो पाठवाल का, दिवसाउजेडी, चांगले. मी काय खूश! अर्धा दिवस गेला माझा. काळ्याच्या मागे माझी पांढरी साडी धरली वाळत घालायच्या दोरीवर, पान उठून दिसायला. म्हटलं, आठवण आली असेल. गणपती जवळ आलेत ना.

तर आता तूच सांग, तू शहाणा आहेस, झाडं कशी देऊ मी तुला? अजिंक्यचं सोड, त्याला मी सांगेन, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून. झाडं गेली की मी तिला फोन करायचा तो कशाला? काय म्हणू? कशी आहेस, विचारू? कशी आहेस म्हटलं की ती म्हणते, बरी आहे, नि मग दोघी गप्प. आम्हाला दुसरं बोलताच येत नाही रे एकमेकींशी. अळवाला कोंब आला, एवढं म्हटलं की पाव तास जातो. मधेच कधीतरी ती म्हणते, आई, तुम्ही जेवलात का. — काय? काय म्हणतोस मघापासून? बोल, बोल आता, झालं माझं.

मॅडम? कोण मॅडम?

नाही, नाही, जाहिरात अजिंक्यने टाकली आहे. माझा मुलगा, बोटीवर असतो, मघाशी सांगितलं नाही का. पुरुषमाणूस आहे तो, मॅडम कसा असेल? तू चुकलास. दुसरं घर असेल, नाचणे रोडला पुष्कळ— दाखव. थांब, चष्मा वर गेलाय. हां. लांब धर जरा.

हं.

ही साडी माझी. हे कोपऱ्यात आहे ना, जाडं, हे माझं बोट. मला ते बोट बाजूला ठेवायला जमत नाही अजून. खाली काय लिहिलंय, वाच. नाही, राहू दे, वाचू नको. 'मला आता सांभाळणं शक्य नाही' — कोणाला शक्य नाही? सांभाळत कोण होतं? आणि नंबर? शेवटी सात-सात-दोन? हो. तोच.

बरं.

बरं, असू दे. तिची झाडं, तिने विकायची, मी कोण? कुरिअरने आलेली, गाडीने जातील. नाही, पाणी नको मला. काही झालेलं नाही मला, घसा जरा— ते असतं पावसाळ्यात. ऊठ तू. ऊठ, तन्वीर. नाही, नोटा आत ठेव, झाड मिळणार नाही तुला. एक काम कर माझं. फाटकाबाहेर जा आणि तिला फोन लाव. माझ्यासमोर नको. सांग तिला, मॅडम, मी गेलो होतो, पण तिथे काही नाही, म्हातारीने सगळी मारून टाकली. सांग पाणी घातलंन् नाही. सांग कुजवलीन्, सडवलीन्, मुद्दाम, काही म्हण. खोटं कसं बोलू काय विचारतोस, व्यवसाय करायला निघालास ना! नीट सांग, खरं वाटेल असं सांग. मग ती करील मला फोन. चिडून करील. आजवर एक अवाक्षर बोलली नाही मला ती, त्या पंगतीनंतरसुद्धा नाही, एकदा तिला तोंड सोडू दे माझ्यावर. मला ऐकायचंय. आणि ती बोलून दमली की मग मी बोलेन. जा, उभा काय राहिलास? शेवाळावरून नको, चिऱ्यांवरून जा. आणि आत्ताच लाव हो, घरी जाऊन नको — ह्या वेळेला तिची जेवणाची सुट्टी असते.